उजागऱ्यांचे तीन रकाने

हातात खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवलेला असला की आजचा फोन माझ्या बोटाला ओळखत नाही. मग मोजा काढा, हात धुवा, पुसा, फोन उघडा, गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा लांबलचक नंबर टाका, रेंज नसेल तर फोन आभाळाकडे धरून गोठ्याबाहेर उभ्या राहा. तेवढ्यात गायीने शेपटी मारली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरीची आता शेवटची काही वर्षं उरली आहेत. गायींचा कंटाळा मला अजून आलेला नाही, नोंदींचा मात्र आला आहे. असा मोजा सोलून काढताना मला दर वेळी उजागरे आठवतात. खिशातल्या फोनची इतकी कसून परीक्षा घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

शांतवन उजागरे आमच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कडुनिंब आणि जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. एका बाजूला घोडेगाव, दुसऱ्या बाजूला शेवगाव, मधल्या कोरड्या पट्ट्यातली आठ गावं आमच्याकडे. मी तिथे रुजू झाले तेव्हा उजागऱ्यांची तिशी त्याच खोड्यापाशी उलटून गेली होती, म्हणजे नोकरीची तिशी. उंच, काटकुळे, कायम पांढरा शर्ट. डावा हात उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे असं ते स्वतःच सांगत. "रोज गायीत घालून घालून वढलाय मॅडम," म्हणत, आणि दोन्ही हात पुढे करून दाखवत. खरंच लांब होता की काय, मला कधी ठरवता आलं नाही.

बाई डॉक्टर आली म्हणून सुरुवातीला लोक खोड्यापाशी येऊन माझ्या खांद्यावरून आत बघायचे. "उजागरे डाक्टर न्हाईत व्हय?" उजागरे आतून बाहेर येत, गायीच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक करत, "जय ख्रिस्त" म्हणत. हे गायीला. मग मालकाकडे वळून, "मला फकस्त गाय भरवायचं कळतं. आजाराचं मॅडम बघत्यात. गाय बी बाईच हाय ना? तिला चालतंय, तुमालाच काय झालं?" माणूस ओशाळून हसायचा आणि दावं माझ्या हातात द्यायचा. माझी त्या भागातली अर्धी पत उजागऱ्यांनी अशी उभी करून दिली.

गाय भरवणं म्हणजे कृत्रिम रेतन. डावा हात गायीत, उजव्या हातात नळी, आणि डोकं तारखेत. एकविसाव्या दिवशी पुन्हा माज दिसतो का बघायचं, तीन महिन्यांनी गाभण आहे का तपासायचं, नऊ महिने नऊ दिवसांनी वासराची वाट बघायची. हे सगळं उजागरे औषध कंपनीकडून फुकट मिळणाऱ्या खिशातल्या डायरीत लिहीत. नोंद गोठ्याच्या मालकाच्या नावाने नसे, घरातल्या बाईच्या नावाने असे. जयाबाईची मोरी. शांताबाईची चंद्री. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "धार कोन काढतं? माज कुनाला दिसतो? बाईला. मंग नाव कुनाचं लिव्हायचं?"

पण लिहिलेली डायरी उघडून बघताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. लिहिलं की डोक्यात बसलं, असं त्यांचं होतं. एकदा एका वस्तीवर नळी भरून तयार होती आणि ते मधेच थांबले. "ह्या वळूचं नको. ह्या गायीची आई बी त्याच वळूची हाय. आन् आजीला शिंगं नव्हती." बाई म्हणाली, "आजी तर मला बी आठवत न्हाई डाक्टर." उजागऱ्यांनी आजीचं दूधसुद्धा सांगितलं. मी कागदावर त्यांची वरिष्ठ होते. त्या दिवशी मी बादली धरून उभी होते आणि मला तेच बरोबर वाटलं.

आता वच्छलाबाईची हौशी. दुरंगी संकरित गाय, डाव्या डोळ्याभोवती काळं वर्तुळ, जणू दृष्ट लागू नये म्हणून कुणी काजळ जास्तच फासलं आहे. वच्छलाबाई आणि तिचा नवरा दर वर्षी ऊसतोडीला जायचे. निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, तिने हौशी भरवून घेतली. मग टोळीबरोबर गेली. मागे गाय आणि सासू. सासू वयाने थकलेली, कानाने कमी, पण गायीवर जीव. संक्रांतीच्या आसपास मला निरोप आला, हौशी गाभडली. मी आणि उजागरे गेलो. तीन महिन्यांचं पडलं होतं, आणि वार आत अडकली होती. मी हात घालून काढली. उजागरे शेजारी जंतुनाशक घातलेल्या लाल पाण्याची बादली घेऊन उभे होते. म्हातारी पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, "माझं काय चुकलं गं बाई?" मी म्हणाले, पडली असेल, दुसऱ्या जनावराने ढुशी दिली असेल. केसपेपरवर कारण लिहिलं, अज्ञात. उजागरे काही बोलले नाहीत. परतताना स्कूटरवरही बोलले नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

पाडव्याच्या आसपास उजागऱ्यांच्या खिशात तो फोन आला. पुण्याच्या जावयाने नवा घेतला म्हणून जुना सासऱ्यांना दिला. तेव्हा आमच्याकडे फोन म्हणजे बटणांचा, बोलायचा आणि मिस्ड कॉल द्यायचा. हा निराळाच होता. साबणाच्या वडीसारखा जाड, समोर सगळी काच, कडेला खोचलेली प्लॅस्टिकची काडी. काडीने काचेवर टोचायचं. आत कॅलेंडर, पत्ते, टिपणं, कामांची यादी, गजर. जावई म्हणाला होता, पपा, ही खिशातली सेक्रेटरी आहे. उजागरे म्हणाले, "ठेवून तर बघू. कामाची हाय का न्हाई ते गाय सांगंन."

ती काडी दुसऱ्याच दिवशी गव्हाणीत पडून गायीच्या पोटात गेली असावी, कारण पुन्हा दिसली नाही. उजागऱ्यांनी रेतनाच्या नळीवरचं प्लॅस्टिकचं आवरण कापून त्याची काडी केली. तीही चालली. मोजा घातलेलं बोटही चाललं. त्यावर ते इतके खूश झाले की खोड्यातल्या गायीला सोडून मला दाखवायला आले. फोनमध्ये मराठी नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत गायी लिहायला घेतल्या. पत्त्यांच्या यादीत नावाच्या जागी मोरी, आडनावाच्या जागी जयाबाई, कंपनीच्या जागी गाव. वाढदिवसाच्या चौकटीत व्यायची तारीख. मी म्हणाले, "अहो उजागरे, गायींना कंपनी मिळाली की." ते म्हणाले, "मिळू द्या. आपल्याला तरी कुठं मिळाली?"

लसीकरणाच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर त्यांनी फोनचे गुण-दोष लिहायला घेतले. मोज्यातून चालतो. वेळेवर ओरडतो. अक्षर मोठं करता येतं. शर्टाचा खिसा ओघळतो. वाकलं की पडतो. बाईला बोट ठेवून दाखवता येत नाही. हा शेवटचा दोष त्यांना फार लागला होता. डायरीत बायका आपल्या गायीच्या नावावर बोट ठेवून बघायच्या, वाचता न येणाऱ्यासुद्धा. काचेवर बोट ठेवलं की दुसरंच पान उघडायचं.

त्या दिवसांत एका रविवारी चर्चमध्ये भक्ती चालू असताना खिशातून गजर झाला. पाळक थांबले. उजागरे उठून उभे राहिले. त्यांच्या पत्नीने, मार्थाबाईंनी, मला नंतर सांगितलं की आता माफी मागतील असं सगळ्यांना वाटलं होतं. उजागऱ्यांनी फोन बघितला आणि म्हणाले, "जयाबाईची मोरी व्यायला झालीय. प्रार्थनेत ठेवावी." पाळकांनी ठेवली. मोरीला कालवड झाली, आणि जयाबाई, जी रामराम करणारी, तिने चर्चमधल्या मंडळीसाठी खरवस पाठवला.

उन्हाळ्यात वीज दिवसाचे कितीतरी तास नसायची. वैशाखात एकदा फोनची बॅटरी पार उतरली. त्या काळच्या त्या फोनची एक खोड होती. बॅटरी पूर्ण मेली की आतलं सगळं पुसलं जायचं. उजागरे सकाळी आले आणि माझ्या टेबलावर फोन ठेवला. आत एक गाय उरली नव्हती. जिवाला लागेल असं मला वाटलं, पण ते खुर्चीत बसून शांतपणे बघत राहिले. "ह्याचं एक बरं हाय मॅडम. विसरला की विसरला म्हनून कळतं तरी." मी हसले. मला तो विनोदच वाटला. त्यांनी तीन दिवस बसून डायरीवरून सगळ्या गायी पुन्हा आत घातल्या. कशाला एवढी दगदग करता, डायरी आहे ना, असं मी विचारलं. "परीक्षा अर्धी कशाला सोडायची?" एवढंच म्हणाले.

आषाढात मुलीच्या बाळंतपणासाठी ते पुण्याला गेले. मी लशींचा साठा लिहिलेलं रजिस्टर शोधत त्यांचं कपाट उघडलं, तेव्हा शाळेची एक दोनशे पानी वही हाताला लागली. पट्टीने आखलेले तीन रकाने. वर मथळे. फोन. डायरी. मी.

दोन पानं उलटली आणि लक्षात आलं. रोज सकाळी फोन किंवा डायरी न उघडता ते त्या दिवसाच्या गायी आठवून तिसऱ्या रकान्यात लिहीत होते. मग फोन बघून पहिला भरत, डायरी बघून दुसरा. चैत्रात तिन्ही रकाने जवळपास सारखे होते. तिसऱ्यात कुठे एखादं नाव कमी. वैशाखात फोनच्या रकान्यात तीन दिवस आडवी रेघ, पुढे लिहिलं होतं, वीज नव्हती. ज्येष्ठात तिसरा रकाना विरळ झाला. मग त्यात भलतीच नावं दिसायला लागली, दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गायी, मेलेल्या गायी. शेवटच्या पानावर तिसऱ्या रकान्यात एकच नाव होतं, आणि ते चुकीचं होतं. खाली निकाल लिहिला होता. फोन, चुकला नाही. डायरी, चुकली नाही. मी, आणि त्यापुढे काही नाही.

मी वही घेऊन तशीच खुर्चीत बसले. चार महिने हा माणूस माझ्यासमोर फोन पारखतोय असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, आणि तो स्वतःला पारखत होता. मला फार वाईट वाटलं, आणि आपण हे पाहिलं कसं नाही याची शरमही वाटली.

ते परत आल्यावर वही मी त्यांच्यापुढे ठेवली. लपवालपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "हौशीला मी गाभडवलं, मॅडम."

म्हातारीला वाटलं, हौशी माजावर आलीय, म्हणून तिने उजागऱ्यांना बोलावून ती भरवायला सांगितली. गाभण गायसुद्धा कधी कधी खोटा माज दाखवते. सुनेने जाण्याआधी भरवून घेतली आहे हे म्हातारीला माहीत नव्हतं. माहीत एकाच माणसाला होतं. त्याने डायरी उघडली नाही, कारण त्याला ती कधी उघडावी लागली नव्हती. नळी गर्भापर्यंत गेली. "तीन महिन्यांचं हाताला लागतं," ते डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "लागायलाच पायजे. मला लागलं न्हाई. चार दिवसांनी, ती गाभडायच्या आदी, डायरी उघडली तवा कळलं."

"मग मी वार काढत होते तेव्हा बोलला का नाही?"

"भ्यालो. नोकरीची दोन वर्सं ऱ्हायली होती."

मला त्यांचा राग आला. अज्ञात असं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पण आमच्याकडे दोन जागा रिकाम्या होत्या, आठ गावं होती, आणि मी थकले होते. मी म्हणाले, "आता फोन आहे ना. दर वेळी बघूनच हात घालायचा. झालं तर मग."

"फोनात बघायचं हे ध्यानात ऱ्हायला पायजे ना, मॅडम." ते समजूत घातल्यासारखं बोलत होते. "तारीख आली की तो वरडतो. मी मोजा चढवला की वरडत न्हाई. मला गायीपासून काढा. कागदावर बसवा."

मी काढलं नाही. महिनाभर तरी काढलं नाही. दुसरा माणूस नव्हता, हे कारण खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. उजागऱ्यांशिवाय तो खोडा मला बघवणार नव्हता. शेवटी एका सकाळी गाय खोड्यात उभी, मालकीण बाजूला, उजागऱ्यांनी मोजा चढवला, गायीकडे बघितलं, आणि मोजा तसाच उतरवून माझ्या हातात दिला. मग आत जाऊन टेबलाशी बसले. बाया दारातून हाका मारायच्या, "डाक्टर, तुमीच या की." ते रजिस्टरातून मान वर करायचे नाहीत.

टोळ्या निघायच्या आधी एक दिवस ते मला म्हणाले, "वच्छलाबाईकडं जायचंय. तुमी नुसत्या संगं चला. सांगता सांगता मधेच ऱ्हायलं तर पुढलं तुमी सांगा."

वच्छलाबाई अंगणात भांडी पोत्यात भरत होती. उजागऱ्यांनी उभ्यानेच सांगितलं. मधे काही राहिलं नाही. शब्द न शब्द सांगितला, दसऱ्याची तारीखसुद्धा. ती भरायची थांबली नाही. पोत्याचं तोंड बांधून झाल्यावर बोलली.

"हौशी इकली म्या. घोडेगावच्या बाजारात. गाभडती गाय कोन ठेवनार?"

"चूक माझी हुती," उजागरे म्हणाले.

"म्या सासूला बोलले. तोंडाला यील ते बोलले. तू नीट बांधली न्हाई, तू पाडली, तुझ्यामुळं घरातलं दूध गेलं. म्हातारी गप ऐकायची. रोज इचारायची, माझं काय चुकलं गं." तिचा आवाज चढला नाही. "आखाडात गेली ती. तवा का न्हाई बोललात डाक्टर? आता तिला कुनी सांगायचं?"

उजागरे माझ्याकडे वळले. पुढचं सांगायला मला नेलं होतं, आणि मी पोत्याच्या गाठीकडे बघत उभी राहिले. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं. आम्ही फाटकातून बाहेर पडलो.

पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, नारळ, सगळं झालं. त्यांनी भाषण केलं नाही. माझीही बदली झाली, जिल्ह्यातच, पण भेट झालीच नाही. फोन करायचं मनात यायचं आणि राहून जायचं. खरं सांगायचं तर मला धीर होत नव्हता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी लसीकरणाच्या कामासाठी मी घोडेगावच्या बाजारात गेले होते. ऊन चढलेलं, धुळीत गायींच्या रांगाच रांगा, दलालांचे आवाज. एका टेम्पोच्या सावलीत उजागऱ्यांच्या मार्थाबाई पिशवी घेऊन बसलेल्या दिसल्या. त्यांनी मला ओळखलं, हात धरून बसवून घेतलं.

"दर बाजाराला यांना आणावं लागतं बाई," त्या म्हणाल्या. "नाही आणलं तर पायीच निघतात. माझं नाव रोज विचारतात, पण बाजाराचा वार चुकत नाहीत. हौशी सापडली की वच्छलाबाईला नेऊन द्यायची म्हणतात."

मी रांगेकडे पाहिलं. उजागरे एकेका गायीपुढे थांबत येत होते. पांढरा शर्ट, आता अंगावर सैल. डाव्या हातात तो जाड फोन. मी पुढे जाऊन म्हणाले, "उजागरे, जय ख्रिस्त." त्यांनी हसून मान लववली, अनोळखी माणसाला लववतात तशी, आणि पुढच्या गायीकडे वळले. फोन तिच्या तोंडाशेजारी धरून नोंद ताडल्यासारखं पाहिलं. मी जवळूनच पाहिलं, काच काळी होती, फोन कधीचा बंद पडलेला असावा.

गायीच्या मालकाने विचारलं, "काय पायजे बाबा?"

"वच्छलाबाईची हौशी," उजागरे म्हणाले. "डाव्या डोळ्याला काळं हाय. मी गाभडवली तिला. म्हातारीची चूक न्हवती."

"न्हाई बाबा. ही राहात्याहून आनलीय."

"बरं," म्हणाले, आणि पुढच्या गायीपाशी जाऊन उभे राहिले. तिथल्या माणसालाही त्यांनी तेच सांगितलं.